एक घर, तीन रिक्षा

वकिली करणाऱ्याकडं किस्से साठतातच, त्याला इलाज नाही. निकाल लागला की फायली बांधून माळ्यावर जातात, किस्से मात्र जिभेवर मुक्काम ठोकतात. त्यातून माझं काम घरवाटणीचं. खुनाच्या केसमध्ये कसं, निदान एक माणूस तरी कायमचा गप्प असतो. वाटणीच्या केसमध्ये सगळे हयात, सगळे तोंडानं धडधाकट, आणि सगळे एकदम बोलतात!

माझ्याकडं चहाला कुणी बसलं की "ते शुक्रवार पेठेतलं सांगा की" अशी फर्माईश होतेच. सांगते, पण नावं बदलून. उगाच कुणी ओळखून माझ्या दारात भांडायला यायला नको.

तर सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतलं एक घर. वडिलांनी भांड्यांच्या धंद्यावर स्वतः बांधलेलं. पुढं दुकान, मधे राहत्या खोल्या, वर एक मजला, त्यावर गच्ची, आणि मागं अंगणाला लागून दोन खोल्या. आई आधीच गेली होती, वडीलही मृत्युपत्र न करता गेले. मागं राहिले तीन भाऊ आणि एक बहीण.

थोरले मल्लूअण्णा दुकान बघायचे. मधले शिवप्पा मोडनिंबच्या शाळेत मास्तर, रोज एसटीनं जाऊन-येऊन. धाकटा बसू मोबाईल दुरुस्त करायचा आणि वरच्या मजल्यावर राहायचा. अण्णांच्या पाठची बहीण गंगाक्का. नवरा गेल्यावर ती अक्कलकोटहून माहेरी आली, वडिलांचं शेवटपर्यंत तिनंच केलं, आणि मागच्या दोन खोल्यांत कडक भाकरीचा धंदा टाकला. तिच्या भाकऱ्या डब्यांत बसून पार पुण्याला जातात. तिचं पोट त्या मागच्या चुलीवर. ती चूल राहते का जाते, एवढाच खरा प्रश्न होता. बाकी सगळा तमाशा!

*

पहिल्यांदा आले तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच अण्णांनी जाहीर केलं, "वकीलबाई, आमच्यात भांडण न्हाई बरं का! फकस्त वाटणी करायची हाय."

"लई प्रेम हाय आमच्यात," शिवप्पा म्हणाले.

बसूनं जोरात मान हलवली.

मी सहज खिडकीतनं खाली बघितलं. एका घरातनं निघालेले हे तिघे तीन वेगवेगळ्या रिक्षांतनं आले होते! आणि खाली रिक्षावालेच एकमेकांना विचारत होते, "काय रे, एकाच पत्त्यावरनं उचललं का?"

गंगाक्का कुठल्याच रिक्षात नव्हती. ती चालत आलेली. या तिघांच्या रिक्षा चौकातल्या गर्दीत अडकल्या, तोवर ती माझ्या बाकावर बसून चहा पिऊन मोकळी झाली होती.

*

मी कायदा सांगितला. "घर वडिलांच्या कमाईचं. वाटे चार. बहिणीचा वाटा भावांइतकाच."

तिघांची तोंडं कडू कारलं खाल्ल्यासारखी झाली. मग अण्णा एकदम गोड हसले आणि शिवप्पांकडं वळून कन्नडमध्ये सुरू झाले. घरात यांचं सगळं कन्नडमध्येच. "सुम्म कूडू. ई बाईगी एन तिळीतद?" म्हणजे गप बस, या बाईला काय कळतंय! पुढं सगळा बेतच सांगितला. अक्काला एक चांगली साडी घ्यायची, हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, विषय संपला.

आमच्याकडं ही रीतच आहे. बहिणीनं माहेर तुटू नये म्हणून घरावरचा हक्क सोडायचा आणि भावानं तिला साडी नेसवायची. साडी इरकली असली तर भाऊ लई दिलदार!

मी शांतपणे ऐकून घेतलं. माझं माहेर अक्कलकोटच्या खाली, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. मराठी मला शाळेत गेल्यावर आली. मी कप पुढं सरकवला आणि म्हटलं, "अण्णा, चहा कुडीरी. नमगू एल्ला तिळीतद्री." चहा प्या, आम्हालाही सगळं कळतंय.

गंगाक्कानं तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते. अण्णांचा चहा तसाच राहिला. त्यानंतर काही गुपित बोलायचं झालं की तिघंही उठून बाहेर जिन्यात जायचे.

*

पुढं बैठकीच्या खोलीवरनं जुंपली. खोली मोठी, हवेशीर, आणि देव्हारा तिथंच. एकदम तिघांनाही भक्तीचं भरतं आलं.

"देवाजवळ न्हाई झोपलो तर मला डोळा लागत न्हाई," शिवप्पा म्हणाले. बसूनं तर डोळेच मिटले. या पोरानं आयुष्यात कधी देवापुढं उदबत्ती लावलेली नाही, हे त्याच्या बायकोनंच मला सांगितलं होतं.

मी म्हटलं, "हरकत नाही. पण खोली ज्याची, पाहुणे त्याचे. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली की करकंबची आत्या, अक्कलकोटचे मामा, त्यांची पोरं, पोरांची पोरं, सगळी देव्हाऱ्यापुढंच पथाऱ्या टाकतात ना? त्यांचं जेवणखाण आता त्या एकानं बघायचं."

अण्णा खाकरले. "देव काय कुणा एकाचा असतोय व्हय?"

"थोरल्याचा मान हाय, आपण कशाला मधी पडावं," शिवप्पा म्हणाले.

"आत्याचे गुडघे दुखतात मॅडम, आम्ही वर राहतो," बसू म्हणाला. खोली खाली होती, हे तो घाईत विसरला!

तेवढ्यात गंगाक्का बोलली, "देव माज्याकडं द्या. पाव्हण्यांसकट द्या. भाकरी हायच की."

"झालं! देव अक्काचा!" तिघं एका सुरात ओरडले. वाटणीत झालेलं हे पहिलं एकमत. बहिणीला देव दिला, पाहुणे दिले. देव ठेवायचा कुठं, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

*

उन्हाळा लागला आणि गच्ची पेटली. सोलापुरात चैत्र-वैशाखात घर नावाला, माणूस राहतो गच्चीवर. भावांनी खडूनं रेघा मारून गच्चीचे तीन भाग केले. पाण्याची टाकी अण्णांच्या भागात आली. पण संध्याकाळी तिची सावली पडायची शिवप्पांच्या भागात. मास्तर शाळेतनं आले की त्या सावलीत खुर्ची टाकून पेपर तपासायचे.

एका संध्याकाळी अण्णांचा व्हिडिओ कॉल. "वकीलबाई, बघा, बघा! टाकी आमची, सावलीत ह्यो बसलाय! फुकट!"

मागनं मास्तरांचा आवाज आला, "सावलीचा सातबारा दाखवा म्हणावं, लगेच उठतो!"

मी म्हटलं, "अण्णा, जरा दम धरा. सूर्य मावळला की वाद मिटतोय."

"आज मिटंल हो," अण्णा कळवळून म्हणाले, "उद्या परत उगवतोय की!"

*

शेवटी अण्णांनीच तोडगा काढला. जुनी रीत. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे थोरला वाटे सारखे पाडतो. आपल्याकडं उरलंसुरलं येणार, ही भीती असते ना!

अण्णांना हवं होतं दुकान. म्हणून त्यांनी दुकानाला नावं ठेवायला सुरुवात केली. तासभर नावं ठेवली. "दुकान म्हंजे नुसता ताप हाय. पुढं गटार, वर गळती, रस्त्याचा सगळा धुरळा आत. कुणाच्या वैऱ्यालाबी असा वाटा येऊ नये. मीच घेतो आपलं, थोरला हाय म्हणून."

बसूनं बायकोकडं बघितलं. तिनं नुसत्या भुवया हलवल्या.

"मला दुकान," बसू म्हणाला.

"अरे, आत्ता काय सांगत हुतो मी?"

"ऐकलं की अण्णा. लई सोसलं तुमी. आता तुमचा ताप मी घेतो!"

अण्णांनी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं आणि तोंड पुसून म्हणाले, "ह्ये वाटे नुसते सराव म्हणून पाडले हुते. खरे उद्या पाडू!"

दुसऱ्या दिवशी खरे पाडले. नावं न ठेवता, आणि धाकट्याला आधी उचलूही न देता. दुकान अण्णांना, वरचा मजला बसूला, मधल्या खोल्या शिवप्पांना. मागच्या दोन खोल्यांचं काय? त्या शिवप्पांच्या वाट्याला जोडल्या, 'गोदाम' म्हणून. तिथं चूल रोज पेटत होती, तरी गोदाम! वाटे तीनच. गंगाक्का सही करील की, त्यात काय!

*

मला संताप आला, सरळ सांगते. भाऊ जिन्यात गुपित बोलायला गेले, तेव्हा मी गंगाक्काला जवळ बसवलं. म्हटलं, "अक्का, सही करू नका. कायदा तुमच्या बाजूनं आहे. मी लढते."

ती म्हणाली, "कायदा हाय की. पर मी आजारी पडले तर कायदा दवाखान्यात डबा आणतोय व्हय?"

"मग तुम्हाला पाहिजे तरी काय?"

"माज्या चुलीवरचं छप्पर पायजे. आनि भाऊबी पायजेत."

"दोन्ही कसं मिळंल, अक्का? त्यांनी तुमच्या चुलीचं गोदाम केलंय!"

"बगते की," ती म्हणाली. "तुमी तारीख घ्या. सही करायला येते म्हणून सांगा त्यास्नी."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सोशिक बायकांचा मला फार राग येतो, आणि त्यांच्यावर राग धरताही येत नाही.

*

नोंदणीच्या दिवशी निबंधकांच्या ऑफिसात ही गर्दी! कुणाचं घर, कुणाचं शेत, कुणाचा प्लॉट. आमची फौज आली. तिघं भाऊ इस्त्रीच्या कपड्यांत, तिघी भावजया नटूनथटून, आणि मोठ्या वहिनींच्या हातात खोक्यातली इरकली साडी. वहिनींनी ती सगळ्यांसमोर गंगाक्काच्या खांद्यावर घातली. अण्णांनी चारी बाजूंना बघून घेतलं, लोकांनी नीट बघितलं ना!

निबंधक साहेबांनी विचारायचं ते विचारलं. "बाई, स्वखुशीनं हक्क सोडताय ना? कुणाची जबरदस्ती नाही ना?"

"न्हाई साहेब. माजे भाऊ लई चांगले हायत," गंगाक्का म्हणाली. "पर सहीआदी माजा आहेर हूं द्या."

असं म्हणून तिनं पिशवीतनं तीन नवे टॉवेल आणि तीन पांढऱ्या टोप्या काढल्या.

आता आमच्या भागातल्या माणसाला एक खोड आहे. समोर कुणी आहेराची टोपी धरली की त्याची मान आपोआप खाली जाते. जावळ असो, लग्न असो, तेरावा असो. मेंदूला विचारायचं कामच नाही! गंगाक्कानं टोपी धरली आणि मल्लूअण्णांनी मान वाकवली. मग शिवप्पांनी वाकवली. बसूनं केसांना जेल लावलेलं, तरी त्यानंही वाकवली. तीन डोकी, तीन टोप्या, गळ्यात तीन टॉवेल. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुणाचं लगीन हाय?"

गंगाक्कानं पदर सारखा केला आणि साहेबांकडं वळली.

"साहेब, साडी घेतली म्हणून मी हक्क सोडायचा, व्हय ना? मंग ह्या तिघांनीबी आत्ता तुमच्यादेखत टोप्या घेतल्या की! ह्यांच्याबी सह्या घ्या!"

ऑफिसात असला हशा पिकला की म्हाताऱ्यानं काठी आपटली. साहेब माझ्याकडं बघायला लागले, मी पंख्याकडं बघायला लागले. शिवप्पा टोपी काढायला गेले, तर मागनं त्यांची बायको खेकसली, "काढू नका! आहेराची टोपी अशी काढत्यात व्हय!"

"अहो, मग हक्क सोडणार कोण?" साहेब म्हणाले. "लवकर ठरवा, मागं रांग आहे."

बसू चपलांकडं बघत होता. अण्णांचं तोंड लालेलाल झालेलं. मला वाटलं, आता हा माणूस टोपी फेकणार, आणि या बाईची चूलही गेली आणि भाऊही गेले.

अण्णांनी हात वर नेला. टोपी चाचपली. कपाळावर आलेली होती, ती नीट मागं सरकवून बसवली. मग बहिणीकडं बघितलं आणि खेकसले, "गंगे, नारळ कुटाय? नारळाबिगर आहेर असतोय व्हय?"

"घरी चुलीपाशी ठिवलाय, अण्णा," गंगाक्का म्हणाली. "चार वाटं पडूंद्यात, मंग फोडू!"