केबलवरचं माझं वाक्य

परवा नातवाच्या मोबाइलवर एका जुन्या चॅनेलची धून वाजली आणि या वयातही माझे कान तापले.

लग्न होऊन मी अमरावतीहून जबलपूरला, घमापुरात आले, तेव्हा आमच्या केबलवाल्याने स्वतःचं चॅनेल काढलं होतं. धून त्याने सरळ मोठ्या चॅनेलची उचलली होती. जाहिरातीसाठी तो कॅमेरा घेऊन घरोघर फिरला. "भाभीजी, बस इतना बोलिए, हम सब यही चॅनल देखते हैं." मी नवी साडी नेसून, पावडर लावून उभी राहिले आणि घाबरून आमच्या वऱ्हाडी वळणाने म्हणाले, "हम सब यहीच चॅनल देखून राहिले हैं!"

सिनेमाच्या मधे धून वाजली की माझा चेहरा आणि ते वाक्य. गल्लीतली पोरं मला पाहून "देखून राहिले!" ओरडायची. एकदा भाजीवाल्याने भर बाजारात नक्कल केली. सगळे हसले. मी पिशवी तिथेच टाकून घरी पळाले.

थोड्या वेळाने सासूबाई बाजारातून पिशवी घेऊन आल्या. त्याही लग्न होऊन वऱ्हाडातूनच इथे आलेल्या.

"मी आता बाहेर नाही जाणार," मी रडत म्हणाले.

"काहून?" त्या माझ्याजवळ बसल्या. "चुकली, पण बोलली तं. लोक हसतील म्हणून मी लग्नापासून नुसतं बोट दाखवूनच भाजी घेऊन राहिली."

त्यांचं ते बोट मी रोज पाहत होते. मला तो त्यांचा रुबाब वाटायचा.