पाठीवरची दारू

तो ओला शर्ट मी अजून विसरलेलो नाही. महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि मी पलूसच्या बाजूला फौजदार होतो. एका दुपारी पोलीस पाटलाची वर्दी आली. कापसाचे गठ्ठे घेऊन माधवनगरच्या गिरणीकडे निघालेली लॉरी ड्रायव्हरने दारूच्या नशेत बैलगाडीवर घातली होती. गाडीवान वाचला, बैलाचा पाय मोडला.

मी पोहोचलो तेव्हा ड्रायव्हर चाकाशी अंग चोरून बसला होता. ब्रह्मदेशच्या लढाईतून परतलेला, पंचविशीतला गडी. अंगाला असा भपकारा की पंचांनी नाकाला पटक्याचे शेव लावले. शेजारी त्याचा म्हातारा बाप उभा होता. त्यांचं शेत रस्त्यालगतच होतं.

"प्यालास?" मी विचारलं.

"व्हय सायेब. लय प्यालो. लिवा तसं."

इतक्या राजीखुशीने गुन्हा कबूल करणारा भेटला की मला चैन पडत नाही. ठाण्यावर आणून त्याला तोंड उघडायला लावलं. वास आला तो कांद्याचा. मग शर्ट उतरवला, तर छातीपेक्षा पाठच जास्त भिजलेली. पिणाऱ्याची दारू पाठीवर कशी सांडेल?

मागोमाग ठाण्यावर आलेल्या बापाला समोर बसवलं. आवाज चढवावा लागला नाही.

"पल्याड हिरीला सुरुंग लावला हुता, सायेब. बार झाला आन् ह्यो 'पडा खाली!' म्हनत चालत्या लॉरीतनं उडी टाकून गटारात पालथा निजला. लढाईवरनं आल्यापास्नं असंच करतोय. पोरीची सोयरीक जमलीया. दारुड्याची भन सून करून घेत्यात लोकं, येड्याची न्हाई घेत. म्हून म्याच वतली त्येच्या अंगावर."

"दारू आणली कुठून?"

"ती माजीच हुती," म्हातारा खाली बघत म्हणाला.

हवालदाराला हसू आवरेना. मला मात्र त्या पोराची काळजी वाटली. नशेत गाडी हाकल्याचा खटला झाला असता तर तो तुरुंगात गेला असता, आणि आजार तसाच राहिला असता. म्हातारा पाय धरून म्हणत होता, "दारूच लिवा."

तेवढ्यात बहीण भावासाठी भाकरी घेऊन आली. दारात तिने सगळं ऐकलं होतं.

"सायेब, खरं हाय त्ये लिवा. माजं लगीन मोडलं तर मोडू द्या. दादाला डागदराकडं न्या."

मी तसंच लिहिलं. सुरुंगवाल्यांचे जबाब घेतले आणि त्याला सिव्हिल सर्जनकडे धाडलं. नशेचं कलम लागलं नाही. सोयरीक मात्र मोडली. मला फार वाईट वाटलं.

गुन्हा कोणी केला हे शोधणं आमचं कामच. पण कबुली कोणासाठी दिली जाते, हेही विचारावं, असं या प्रकरणाने मला शिकवलं.

वर्षाने म्हाताऱ्याने मला मुद्दाम घरी बोलावलं. पोरीला बघायला दुसरं स्थळ आलं होतं. पाहुणे घोंगडीवर टेकायच्या आत त्याने त्या ड्रायव्हर पोराला पुढे उभं केलं.

"ह्यो माजा ल्योक. लढाईत डोक्याला तरास झाला, दवापानी चालू हाय. पटत असंल तर बसा, पाव्हणं."

नवऱ्या मुलाच्या बापाने पायातलं पायताण काढलं आणि तो त्या पोराशेजारी जाऊन बसला.