कपाटाच्या दारावरचा वीर

"आज विमानातून पडलाय, वहिनी. बाकीचं उद्या."

एवढं बोलून आमचे वरच्या खोलीतले शेजारी जिना चढून जायचे. पडलाय तो कोण, तर त्यांच्या लहानपणी पेपरात रोज तीन चौकोनांच्या चित्रकथेत येणारा, पाठीला झूल बांधून उडणारा वीर. मी म्हणायचे, "पडू द्या मेल्याला! मला कुकर लावायचाय." तरी दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना माझे कान जिन्याकडेच असायचे. आता वरची खोली बंद आहे. ते जाऊन वर्ष होत आलं. आमच्या बरकतपुऱ्यातल्या घराच्या त्या जिन्यात मला अजून थांबवत नाही.

असा माणूस तुमच्याही शेजारी असेल. नोकरी इमानेइतबारे केली, लग्न केलं नाही, आईला सांभाळलं. घर मूळचं मराठवाड्यातलं, बोलण्यात दखनी हिंदीची झाक. लग्नाचं कुणी छेडलं की म्हणत, "कायकू? माय आहे की."

आईच्या पलंगाशी एक सागवानी कपाट होतं. दाराच्या आतल्या अंगाला त्यांनी लहानपणी ती चित्रकथा रोज कापून मैद्याच्या खळीनं चिकटवली होती. वीर आगीतून निघतोय, दरोडेखोरांना लोळवतोय, बुडत्या जहाजाचं दार उखडतोय. तिथून पुढं मात्र नुसतं लाकूड.

"अहो, शेवट कुठाय?" मी एकदा विचारलं.

"तिथंच बंद केलं कापायचं."

त्यांचं तोंड असं उतरलं की मी विषय वाढवला नाही.

मग एका सकाळी वरून त्यांच्या म्हाताऱ्या आईचं रडणं ऐकू आलं. मी धावत गेले. "थोरल्याचं तोंडच आठवंना गं बाई," ती म्हणत होती. थोरला म्हणजे यांचा भाऊ. शाळेत नापास झाला, वडिलांनी बडवलं, तसा घरातून निघून गेला तो गेलाच. त्याचा एकुलता एक फोटो 'परत ये'च्या जाहिरातीसाठी पेपरात दिला होता. तोही परत मिळाला नाही.

"मग ती जाहिरात तरी असेल ना?" मी विचारलं.

त्यांनी कपाटाचं दार उघडलं. "त्या दिवशी पेपर आधी माझ्याच हातात आला, वहिनी. मी जहाजाचं चित्र कापलं, खळ लावली. मागं काय छापलंय ते बघितलंच नाही. वडिलांनी जाहिरात शोधली तर पानाला हे भगदाड! उरलेलं पान त्यांनी चुलीत घातलं. मला मारलं नाही. मारायला पाहिजे होतं."

तो पेपरही कधीचाच बंद पडलेला.

"मग काढू या की ते चित्र!"

"नक्को. फाटलं तर?"

"आणि म्हातारी गेली तर?" मी ओरडलेच.

कोमट पाण्यात फडकं भिजवून आम्ही त्या जहाजावर धरलं. मीच नखानं कडा सोडवली. कागद अख्खा निघाला. मी उलटा केला आणि मनात म्हटलं, देवा, हे काय रे!

फोटो होता, पण कात्री बरोबर नाकावरून गेली होती. खाली ओठ, हनुवटी, शाळेच्या शर्टाची कॉलर. त्याखाली छापलेलं, 'असशील तेथून ये. कोणी रागावणार नाही.'

म्हातारीनं तो ओला कागद डोळ्यांशी नेला. "डोळे कुठायत?"

"मी कापले, माय." आणि इतक्या वर्षांचा तो माणूस हुंदके द्यायला लागला.

तिनं त्यांचं डोकं जवळ ओढलं, तो कागद त्यांच्या नाकाखाली धरला आणि बघू लागली, वर यांचे डोळे, खाली थोरल्याचे ओठ. बघता बघता तिचा चेहरा उजळला. मला भीतीच वाटली.

"आलास?" ती म्हणाली. "कोण रागावतंय तुला? ये."

ते माझ्याकडे बघायला लागले.

"हौ माय," ते म्हणाले. "आलो."

तिनं त्यांचे गाल कुरवाळले. मग दाराकडे बघून विचारलं, "आन् धाकटा कुठं गेला रे?"