सरांनी मागितलेली हार्ड डिस्क

“फास्ट नको रे. आवाज न करणारी दे,” सर तिसऱ्यांदा म्हणाले.

सर म्हणजे शाळेतले माझे भूगोलाचे मास्तर. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. धारवाडहून बसने ते हुबळीला, देशपांडे नगरातल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात आले होते. घसा बसलेला होता. मला वाटलं, सर्दी असेल.

“सर, फास्ट घेतली की आतली तबकडी जोरात फिरते, सगळं पटपट उघडतं. थोडा आवाज येतो, पण सवय होते.”

“भूगोलात तुला पस्तीस होते. तेही मी दिले म्हणून. पृथ्वी का फिरते ते तुला शेवटपर्यंत सांगता आलं नाही, आणि मला फिरण्याचं शिकवतोस होय?”

दुकानातले दोघेतिघे हसले. मीही हसलो. मग सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. घशात गाठ निघाली होती. डॉक्टर स्वरयंत्र काढणार होते. ऑपरेशनला तीन आठवडे होते. त्यानंतर बोलणं कायमचं बंद.

अक्कांना, म्हणजे सरांच्या पत्नीला, दिसत नव्हतं. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. तेव्हापासून रोज दुपारी जेवणं झाली की सर त्यांना वाचून दाखवायचे. कादंबऱ्या, जुने दिवाळी अंक, अळणावरहून येणारी अक्कांच्या बहिणीची पत्रं. आता उरलेल्या दिवसांत जमेल तेवढं वाचून कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवायचं, असं सरांनी ठरवलं होतं.

“तिचे कान तिखट आहेत,” सर म्हणाले. “शेजारी पंखा लावला तरी तिला कळतं. माझ्या आवाजामागे तुझ्या मशीनची घरघर आली तर तिला त्रास होणार. ती बोलणार नाही, पण होणार.”

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाच्या हार्ड डिस्कमध्ये एक चकचकीत तबकडी असायची आणि ती सतत गरगर फिरायची. तिच्यावरून केसाहूनही कमी अंतर राखून एक सुई हलायची, तिला हेड म्हणतात. तबकडी मिनिटाला सात हजार दोनशे वेळा फिरली की ती डिस्क फास्ट. पाच हजार चारशे वेळा फिरली की स्लो. स्लो डिस्क आवाज कमी करते आणि तापतेही कमी. माणसाचा आवाज रेकॉर्ड करायला स्लो डिस्क भरपूर झाली. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी येईल त्याला फास्टच घ्यायला सांगायचो. फास्ट म्हटलं की गिऱ्हाइकाला आपण काहीतरी चांगलं दिलं असं वाटतं.

सरांचं ऐकलं आणि स्लो डिस्कची ऑर्डर बेंगळुरूला दिली. दोन दिवसांत येईल असं डीलर म्हणाला. दोनाचे चार झाले. रोज सकाळी दुकान उघडलं की सरांचा फोन यायचा. “रवी, आली का?” रोज तो आवाज थोडा आणखी खरखरीत. पाचव्या दिवशी डीलरने सांगितलं की अजून आठवडा लागेल.

त्याच वेळी मी सरांना फोन करून खरं सांगायला हवं होतं. उपायही होता, आणि अगदी साधा. सीपीयूचा डबा शेजारच्या खोलीत ठेवायचा आणि माइकची वायर लांब करायची. मग फास्ट डिस्क असली तरी काय बिघडतं? पण त्यासाठी “सर, तुमची डिस्क मिळाली नाही” हे वाक्य म्हणावं लागलं असतं. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं नाही, याचा मला फार अभिमान होता. आणि हे गिऱ्हाईक तर माझे सर.

रॅकवर फास्ट डिस्क होती. मी ती घेतली. मॉनिटरच्या खोक्यातला फोम कापून तिच्याभोवती गुंडाळला. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधली आणि डब्यात वरच्या कप्प्यात बसवली. डब्याचा पुढचा पंखा घुमायचा, त्याची वायर काढून टाकली. डबा बंद करून कान लावला. घरघर जवळजवळ गेली होती. खरं सांगतो, मला माझंच कौतुक वाटलं.

आता यातली चूक सांगतो. हार्ड डिस्क डब्याच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट बसवतात, ती फक्त पडू नये म्हणून नव्हे. तिची उष्णता त्या पत्र्यात उतरते आणि पंख्याचा वारा ती बाहेर नेतो. मी तिला पत्र्यापासूनही तोडलं आणि वाऱ्यापासूनही. चांगलं चालणाऱ्या माणसाला गोधडीत गुंडाळून उन्हात बसवावं, तसं केलं.

दुपारी धारवाडला जाऊन मशीन जोडून दिलं. मशीन चालू केल्यावर अक्का खुर्चीत बसून ऐकत होत्या.

“आत कुणीतरी तोंडावर पांघरूण घेऊन बसलंय, असं वाटतंय,” त्या म्हणाल्या.

सर हसले. “तुला सगळीकडे माणसंच दिसतात.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “काय रे, ही तीच ना? आवाज न करणारी?”

“होय सर. तीच.”

त्या दिवशी एवढं एकच वाक्य मी खोटं बोललो. बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

पुढचे पंधरा दिवस सर वाचत राहिले. मध्ये एकदा मी गेलो होतो. माइकसमोर पुस्तक, शेजारी कोमट पाण्याचा तांब्या. दर दोन पानांनी ते थांबायचे, घोट घ्यायचे, पुन्हा सुरू. पुस्तकं झाल्यावर एक वेगळी फाइल केली होती. तिच्यात रोजचं बोलणं होतं. ‘उठलीस का’, ‘पायरी आहे, जपून’, ‘आज भात मऊ झालाय’.

“अहो, भाताचं कशाला?” अक्का म्हणाल्या.

“कधीतरी मऊ करशीलच की. तेव्हा लाव.”

त्या दिवशी सरांनी मला विचारलं, “याची अजून एक कॉपी करून ठेवायची का रे?”

“नवी डिस्क आहे, सर. पाच वर्षं बघायला नको. सवडीने करू.”

ऑपरेशन झालं. सर घरी आले. गळ्याला भोक, त्यावर जाळीचं फडकं. माझ्याशी ते पाटीवर लिहून बोलायचे. अक्कांना पाटी दिसणार नाही, म्हणून त्यांच्या तळहातावर बोटाने एकेक अक्षर काढायचे. अक्का मोठ्याने अक्षरं जुळवायच्या आणि चुकल्या की सर त्यांच्या हातावर टिचकी मारायचे. दुपारी मात्र कॉम्प्युटर लागायचा आणि दोघं शेजारी बसून सरांचा आवाज ऐकायचे.

मे महिन्यात अक्कांचा फोन आला. “रवी, त्या डब्यावर हात ठेवला की पोळतं रे.”

“ऊन किती आहे, अक्का. माझ्या दुकानातलेही तापतात.”

मी जाऊन बघायला हवं होतं. डबा उघडून फोम काढायला दहा मिनिटं लागली असती. पण डबा सरांच्या समोर उघडावा लागला असता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात डिस्क गेली. मी पोचलो तेव्हा आतून टक्, टक् असा आवाज येत होता. तबकडीवरची जागा हेडला सापडत नाही, ते पुन्हा पुन्हा जाऊन आपटतं, त्याचा हा आवाज. आमच्या धंद्यातल्या माणसाला तो ऐकला की पुढचं कळतं.

अशा वेळी आम्ही रिपेअरवाले गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न एकच विचारतो. तोंडात बसलेला असतो तो. मीही विचारला. “तुम्ही काही केलं होतं का?”

सरांनी जरा विचार केला. पाटीवर लिहिलं, ‘काल लाइट सारखी जात-येत होती. घाबरून मीच मेन स्विच बंद केला.’

लाइट जाण्याने आणि स्विचने ती डिस्क गेली नव्हती. मला ते ठाऊक होतं. डबा अजून गरम होता, त्यावर माझा हात होता. मी म्हणालो, “असं कधीकधी होतं, सर. त्यानेच झालं असणार.”

सरांनी पाटी पुसली.

डबा दुकानात आणला. फोम काढला. तो एका बाजूने पिवळा पडून चिकट झाला होता. मग मी दुसरी चूक केली. डेटा निघतो का बघायला ती डिस्क पाच-सहा वेळा चालू केली. बिघडलेली डिस्क चालू करू नये, प्रत्येक वेळी हेड तबकडी खरवडतं, हेही मला माहीत होतं. शेवटी बेंगळुरूच्या लॅबला पाठवली. त्यांचं उत्तर आलं की तबकडीवर ओरखडे आहेत, काही निघणार नाही. मी सरांना फोनवर नुसतं ‘नाही निघालं’ एवढं कळवलं. पलीकडून उत्तर येणार नव्हतंच. अक्का म्हणाल्या, “आयतु, झालं तर. ऐकलं त्यांनी.”

त्यानंतर मी धारवाडला त्या घरी जायचं टाळलं. सर आणखी चार वर्षं जगले. गेल्याचं कळलं तेव्हा मी तेराव्याला गेलो, चहा घेतला आणि निघून आलो.

मागच्या वर्षी मलाही घशाचा त्रास झाला. साधाच निघाला. पण रिपोर्टची वाट बघताना आठ दिवस मी घरात फारसं बोललो नाही. बायकोने विचारलं तर तिलाही सांगता येईना. रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कांकडे गेलो.

“बा रवी, ये, बस,” त्या म्हणाल्या. मी आवाजही केला नव्हता. चप्पल काढण्यावरून ओळखलं म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. फोमचं, पंख्याचं, ‘तीच’ म्हटल्याचं, स्विचचं. माझं संपल्यावर त्यांनी उजवा हात उलटा केला आणि तळव्याकडे मान वळवली.

“चार वर्षं इथं लिहीत होते,” त्या म्हणाल्या. “‘माझ्या हातून गेलं.’ मी म्हणायची, जाऊ द्या हो. थोडे दिवस थांबायचे. मग कधी जेवताना, कधी झोपायच्या आधी हात ओढून घ्यायचे आणि परत तेच. शेवटी शेवटी तर ‘माझ्या’ एवढंच लिहायचे. पुढचं मला कळायचं.”

चूक झाली, एवढं म्हणालो.

“आवाज गेला त्याचं मला वाईट वाटलं होतं. पण वस्तू आहे, बिघडते,” त्या म्हणाल्या. “तू फोम लावलास तेही समजू शकते. पोरं करतात असलं काहीतरी. पण ते एवढं लिहीत होते, आणि तू इथून वीस किलोमीटरवर होतास.”

मग त्यांनी विचारलं, “आता मिळते का रे तसली? आवाज न करणारी?”

“आता सगळ्या तशाच असतात, अक्का. आत फिरणारं काही नसतंच.”

“मग तुझं काम सोपं झालं.”

टोमणा होता की नाही, मला अजून कळलेलं नाही. त्यांनी चहा विचारला. मी नको म्हणालो. त्यांनी आग्रह केला नाही.

मी अजून त्याच दुकानात बसतो. लोक बंद पडलेलं मशीन घेऊन येतात. पहिला प्रश्न अजूनही जिभेवर येतो, तो मी गिळतो. आधी जुनं बिल काढतो, मशीन मीच दिलं होतं का ते बघतो, आणि डबा गिऱ्हाइकासमोर उघडतो. हवी ती वस्तू नसेल तर ‘नाही’ म्हणतो. काही गिऱ्हाइकं तेवढ्यावर दुसरीकडे जातात. त्यांचं नुकसान होत नाही, एवढं नक्की.