बर्फ, पुस्तकं आणि माझा वर गेलेला हात

आमच्या घरात जेवणं फार लवकर उरकतात. आम्ही जैन, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत ताटं उचलायची. शेजारच्या घरांतून फोडणीचे वास यायला लागतात तेव्हा आमची भांडी घासून पालथी पडलेली असतात. पुढे झोपेपर्यंत जो वेळ उरतो, त्याचं काय करायचं हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. दिवसभर कापडाच्या दुकानात साड्या उलगडून आणि परत घड्या घालून मी इतका शिणलेला असतो की टीव्हीचा रिमोट शोधणंही जिवावर येतं. अशाच वेळात आमच्या घरात एक लेखक शिरला, तो कायमचा.

वाचनालयातून मी त्याचं पहिलं पुस्तक आणलं ते जाडी बघून. माझा हिशेब असा की जाड पुस्तक आणलं की परत करायला जायची दगदग कमी. निघालं ते विनोदी प्रवासवर्णन. हा गृहस्थ कुठंही धड पोहोचतच नसे. गाडी चुकायची, खोलीत आधीच दुसरं कुणी झोपलेलं असायचं, गुडघेदुखीचा एक मित्र बरोबर असायचा आणि तो दर चढणीला थांबून याच्या खानदानाचा उद्धार करायचा. डोंगर यायचा अर्ध्या पानात, आणि त्या डोंगराच्या पायथ्याचं स्वच्छतागृह मात्र चार पानं चालायचं. मी मोठ्यानं वाचायचो, बायको डाळ निवडता निवडता ऐकायची. हसू आवरेना झालं की ती सूप बाजूला ठेवायची. त्याची माहितीची पुस्तकंही आम्ही वाचली. मीठ कुठून आलं, माणसाला जांभई का येते, पोटात नक्की काय चालतं. जांभईचं पुस्तक आम्ही कधी पुरं केलं नाही, त्याची कारणं त्याच पुस्तकात दिलेली आहेत.

बायको त्याला ‘तुमचे पावणे’ म्हणायची. “आज कुठं निघालेत तुमचे पावणे?” मग मी चष्मा लावायचो आणि आम्ही निघायचो. मला हा प्रवास फार मानवला. तंगड्या त्याच्या मोडतात आणि हसतो आपण, गादीवर.

पण तिचं तसं नव्हतं, हे मला उशिरा कळलं. त्याच्या हिमालयाच्या पुस्तकात एक प्रकरण बर्फाचं आहे. त्यात तो भाड्यानं आणलेले दोन वेगवेगळ्या मापांचे बूट घालून बर्फात उतरतो. ते प्रकरण तिनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा ती हसली नाही.

“आपण जाऊ या का हो?” ती म्हणाली.

“कशाला?”

“कशाला नाहीच. म्हणून तर जायचं.”

मग तिनं मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. लग्न झाल्यापासून आम्ही जिथं जिथं गेलो तिथं काही ना काही काम होतं. कुणाचं लग्न, कुणाचं बारावं, तीर्थाचं दर्शन, नाहीतर दुकानाचा माल. तीर्थालाही गेलो ते सासूबाईंची औषधं आणि पाहुण्यांच्या याद्या घेऊन. जिथं आपलं कुणीच नाही आणि काही आणायचंही नाही, अशा ठिकाणी तिला एकदा जायचं होतं. नारायणगावहून एक टूर निघत होती, दिवाळीनंतर. मी हो म्हणालो. दमलेला माणूस होच म्हणतो, त्यात कमी बोलावं लागतं.

त्या वर्षी चातुर्मासाला आमच्या जैन स्थानकात एक मुनी, महाराजसाहेब, मुक्कामाला होते. रोज सकाळी प्रवचन, आणि प्रवचनाच्या शेवटी नियम. महाराजसाहेब विचारायचे, कोण कोण अमुक सोडणार? आणि हात वर व्हायचे. या बाबतीत माझी एक पद्धत ठरलेली होती. ते आधी अवघड नियम विचारायचे, म्हणजे उपवास वगैरे. मग मधला. तिसरा सगळ्यात सोपा, आठवडाभर हिरवी भाजी नको, असला. मी पहिल्या दोन प्रश्नांना डोळे मिटून बसायचो आणि तिसऱ्याला हात वर करायचो. अब्रूही राहायची आणि पोटही.

त्या दिवशी त्यांनी क्रम उलटा केला. माझं लक्ष नव्हतं. आदल्या संध्याकाळी वाचलेलं प्रकरण डोक्यात घोळत होतं, ओठांवर हसू असावं. तिसरा प्रश्न आला, हात वर झाले, मी माझा केला. इतका प्रसन्न चेहरा करून नियम घेणारा माणूस त्यांनीही पाहिला नसावा, कारण ते माझ्याकडे बघून हसले.

बाहेर पडताना शेजारचा भांडीवाला माझा हात दाबत म्हणाला, “लई मोठा नियम घेतला राव तुमी! वर्षभर तालुका सोडायचा न्हाई म्हंजे काय चेष्टा हाय?”

मी तसाच आत गेलो. गुरूपुढं घेतलेला नियम परत करता येत नाही, पण धंद्यापुरती सवलत मागता येते. ठोक माल मंचरहून येतो, असं मी हात जोडून सांगितलं. जुन्नर तालुक्याला आंबेगाव तालुका जोडून मिळाला. ही दिशांची मर्यादा मला घालून देणारे महाराजसाहेब स्वतः राजस्थानातून पायी चालत जुन्नरला आले होते. निम्मा देश त्यांच्या तळपायांना पाठ होता.

बायकांच्या बाजूला ती बसलेली होती. तिनं हात पाहिलाच होता.  घरी येऊन चप्पल काढताना म्हणाली, “बरंच झालं की तुम्हाला.”

खोटं नव्हतं ते. मला आतून सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि ते तिला दिसलं होतं.

“मोडतो नियम,” मी म्हणालो. “प्रायश्चित्त घेऊ.”

“तुमचा नियम मोडून मी बर्फ बघू? गळ्याखाली घास तरी उतरेल का माझ्या?”

विषय संपला. टूरवाल्याचा फोन आला तेव्हा तिनं तो माझ्याकडे दिला आणि आत जाऊन कपाट आवरत बसली. आधीच आवरलेलं होतं ते.

मग मी भरपाईच्या मागे लागलो. दोन तालुके काही लहान नाहीत, आपण हद्दीतच फिरू, असं म्हणून एका रविवारी तिला मोटारसायकलवर घालून येडगावच्या धरणावर नेलं. पाणी भरपूर होतं, वारा होता, माझी कंबर दुखत होती. मी आपल्या लेखकाच्या थाटात सुरू केलं. समोर पसरला आहे अथांग सागर, पलीकडे दिसतात ती उसाची घनदाट अरण्यं, आणि प्रवाशांनो, डावीकडची ही म्हैस इथली मूळ रहिवासी. एरवी ती हसली असती. ती पाण्याकडे बघत राहिली.

“त्या पावण्यांसारखं बोलू नका तुम्ही,” ती म्हणाली. “ते गेले होते.”

मी कंबर चोळत एका दगडावर बसलो. मग तिनंच विचारलं, “त्यांची बायको कुठं असते हो, एवढ्या सगळ्या पुस्तकांत?”

मी आठवून पाहिलं. एका पुस्तकात ती लाडू बांधून देते. दुसऱ्यात फोनवर असते. “घरी,” मी म्हणालो.

“हं,” ती म्हणाली.

परतताना मला वाटलं की त्या लेखकाची पुस्तकं मी आता पूर्वीसारखी वाचू शकणार नाही. खरं तर ती आधीपासूनच जरा जड जात होती. अलीकडच्या पुस्तकांत मित्राबरोबर त्याचेही गुडघे दुखायला लागले होते, विनोद लांब अंतरानं यायचा, मधे नुसतं धापा टाकणं. माझंच कुणीतरी लिहून काढल्यासारखं.

माझी धाकटी बहीण कळंबला दिलेली. तिच्या सासरी किराण्याचं दुकान आहे, आणि सगळ्या गावाशी बोलून बोलून तिची भाषा आमच्यापेक्षा रांगडी झालेली. मी तिला फोनवर सगळं सांगितलं, सहानुभूती मिळेल म्हणून.

“दादा, हात कुणी वर केला?”

“मी.”

“वहिनीनी केला व्हता का?”

“नाही.”

“मग तू बस की घरी! तिला कशाला कोंडतोस? मी जाते वहिनीबरोबर. मला तरी कोण नेतंय बर्फात?”

इतकी साधी गोष्ट आमच्या घरात कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. बायको नवऱ्याशिवाय, विनाकामाची, हिमालयात जाते, असं वाक्यच आमच्याकडे कधी कुणी बोललेलं नव्हतं. मी ते बोलून दाखवलं तेव्हा तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

“दुकान? तुमचं जेवण?”

“खिचडी येते मला.”

“तुम्हाला येत नाही.”

“शिकतो,” मी म्हणालो. मला खरंच थकवा आला होता, पण हे कमी बोलावं लागावं म्हणून म्हटलेलं हो नव्हतं, एवढं नोंदवून ठेवतो.

निघायच्या दिवशी टूरची मंडळी एसटीनंच रेल्वे गाठणार होती, मी दोघींबरोबर त्या एसटीत बसलो, पेठपर्यंत. पुढे घाट लागतो, खेड तालुका सुरू होतो, माझी हद्द संपते. मी उतरलो. खिडकीपाशी जाऊन काही सांगावं म्हटलं, सांभाळून जा वगैरे. पण दोघी कंडक्टरशी भांडत होत्या. खाकऱ्यांचा डबा त्यानं कुणाच्या तरी पेटीखाली सरकवला होता. बहीण हातवारे करत होती आणि बायको पदर तोंडाला लावून हसत होती. एसटी हलली तरी तिचं लक्ष गेलं नाही. परतीची गाडी यायला वेळ होता, मी एका टपरीसमोर बाकावर बसून राहिलो.

चार-पाच दिवसांनी दुपारी दुकानात फोन आला. मागे कालवा चालला होता, बहिणीचा आवाज सगळ्यांत वरचा.

“अहो, उभी आहे मी त्याच्यावर,” बायको म्हणाली. तिला धाप लागली होती.

“कसं आहे?”

“मळकं आहे. गाड्यांनी चिखल केलाय. पुढं जरा वर चढलं की पांढरं आहे म्हणतात.”

“मग?”

“मग काय, चढतेय. बोटं गार पडलीत, धरवत नाही हा फोन. ठेवते.”

आणि ठेवला. तुम्ही जेवलात का, हे तिनं विचारलं नाही. लग्नापासून असं झालेलं मला आठवत नाही. ती पुन्हा लावून विचारेल म्हणून मी फोन हातात धरून थोडा वेळ तसाच बसलो, मग गिऱ्हाईक आलं.