देशभर फिरून आलेली ओटी

बायकोला नवऱ्याचा हेवा वाटायला पुष्कळ कारणं असतात. मला माझ्या नवऱ्याचा हेवा वाटला तो देवापायी. वाचून कुणाला हसू आलं तर येऊ द्या, पण त्या महिन्याभरात मला दुसरं काही सुचत नव्हतं. समज आल्यापासून मी देवाचं करते. पोथी, उपास, नवरात्रातली माळ, यातलं काही मी आजारपणातही चुकवलेलं नाही. हे मात्र देवळाबाहेर चपला सांभाळत उभे राहणारे. नास्तिक म्हणावं तर तेवढा विचारही त्यांनी त्या बाबतीत कधी केलेला नाही. तरी त्या प्रवासात जे काही मिळालं ते यांनाच मिळत गेलं. देव मला ओळखतो तरी का, ही शंका एकदा मनात शिरली आणि मग हिमालय बघतानाही ती निघेना.

झालं असं की निवृत्त झाल्यावर यांनी एक जुनी जीप घेतली, चारही चाकांना जोर मिळणारी. जिथे रस्ता संपतो तिथून पुढे डोंगरात गाडी घालायची, ही त्यांची तरुणपणापासूनची हौस. सावेडीतल्या आमच्या सोसायटीत त्या जीपला धड जागाही नव्हती. मुलीने फोनवर समजावलं, यांच्या शुगरची आठवण करून दिली, पण हे ऐकतात कुठले. राजस्थान ओलांडून हिमाचल, तिथून लडाख आणि परत, असा बेत ठरला. मी शाळेतून लांब रजा काढली. यांना एकटं सोडायची माझी तयारी नव्हती, हे एक. आणि वाटेत एवढी देवस्थानं लागणार, हे दुसरं.

आमच्या घरची रीत अशी, की लांबच्या प्रवासाला निघण्याआधी मोहट्याला जाऊन देवीची ओटी भरायची. सासूबाईंनी ती मला लावून दिली. पण मोहटा पाथर्डीकडे आणि आमची वाट बरोबर उलट दिशेला. निघायच्या सकाळी हे म्हणाले, येताना भरू, देवी कुठे जाते. मी वाद घातला नाही. आदल्या दिवशी तयार केलेली ओटी तशीच खणात बांधली आणि जीपमध्ये माझ्यासमोर काचेपाशी ठेवली. नारळ, गहू, हळकुंड, सुपारी, खारीक आणि खडीसाखर. सगळा देश ती गाठोडी माझ्या डोळ्यांसमोर हिंदकळत राहिली.

हिमाचलात एका खिंडीत छोटं देऊळ होतं, दार बंद. मी पायरीवर बसून वाट पाहिली, मग निदान दोन फुलं तरी वाहावीत म्हणून उतारावर फुलं शोधायला गेले. परत येते तर यांच्या कपाळावर भलामोठा लाल टिळा. हे मागच्या चाकातली हवा बघत होते म्हणे, तेवढ्यात म्हातारे पुजारी बाजूच्या दाराने आले आणि यांना हाताला धरून आत घेऊन गेले. मी पोचले तेव्हा दार पुन्हा बंद झालं होतं. दर्शन कसं झालं, म्हणून विचारलं तर हे म्हणाले, "आत छान गार होतं." मला रडूच यायचं बाकी होतं.

पुढे लडाखमध्ये एका मठात एका वृद्ध भिक्षूंनी यांच्या मनगटावर आपणहून धागा बांधला. मी हात पुढे केला तर ते हसले आणि निघून गेले. कदाचित त्यांचं लक्ष नसेल, पण तेव्हा मला ते पटलं नाही. ओढ्यातून गाडी घालताना मी डोळे मिटून नाव घ्यायची आणि हे शीळ घालत पलीकडे जायचे. लोक यांच्या कपाळाकडे, धाग्याकडे बघून यांनाच भाविक समजायचे, नमस्कार करायचे. हेही नमस्कार करायचे, मजेत. मी मनातल्या मनात जळत होते. आपल्याच माणसाचं भलं होतंय आणि आपल्याला ते सोसत नाहीये, हे कळत होतं, म्हणून आणखीच त्रास व्हायचा. रात्री झोपताना मी देवीला सरळ विचारायची, यांनी असं काय केलं जे मी केलं नाही?

परतीला नाशिक ओलांडून संगमनेरला नणंदेकडे उतरलो. घटस्थापना तोंडावर आली होती. त्याआधी मोहट्याला ओटी पोचवायची, एवढंच माझ्या डोक्यात. पण यांनी शेजारच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरांचा विषय काढला. एवढा देश फिरलो आणि आपल्याच जिल्ह्यातला डोंगर राहून गेला, असं व्हायला नको म्हणाले. संध्याकाळी परतायचंच होतं, म्हणून गाडी हलकी करायला सगळं सामान नणंदेकडे ठेवलं. ओटी मात्र मी उतरवू दिली नाही. मी घुश्शातच बसले होते, त्यामुळे यांची औषधं आणि साखरेचा डबा ज्या पिशवीत होता ती पिशवीही नणंदेकडेच राहिली, हे ना माझ्या लक्षात आलं ना यांच्या.

शेवटची वाडी मागे पडली आणि वाट कारवीच्या झुडपांत शिरली. दोन्ही बाजूंना सोनकी फुललेली, चाकांखाली लाल चिखल. हे खुशीत होते. जेवू वर गेल्यावर, म्हणत जेवण पुढे ढकलत होते. चढ संपत आला तेव्हा यांचं बोलणं मधेच तुटलं. मी बघितलं तर चेहरा घामाने डबडबलेला, हात थरथरताहेत. कशीबशी गाडी थांबवली आणि म्हणाले, "अगं, मला समोरचं दिसत नाहीये."

शुगर उतरली होती. यापूर्वी एकदा घरी असं झालेलं, त्यामुळे काय द्यायचं ते मला माहीत होतं. पण द्यायचं काय? डबा नाही. जेवण म्हणजे भाजी-भाकरी आणि ठेचा, यांच्या पथ्याचं. मी सीटखाली हात घातला, गाडीतले कप्पे उघडून पाहिले, माझी पर्स उलटी केली. लिमलेटची एक साधी गोळी सापडेना. मोबाईलला रेंज नव्हती. मला स्कूटरपलीकडे काही चालवता येत नाही. यांनी मान टाकायला सुरुवात केली होती. मी त्यांना हलवत राहिले आणि तोंडाने देवीचं नाव घेत राहिले. त्या क्षणी मला टिळा नको होता, धागा नको होता, काही नको होतं. हा माणूस हवा होता.

कारवीतून एक बाई शेळ्या हाकत आली. उन्हाने रापलेली, माझ्याच वयाची, नेसूचं हिरवं, डोक्यावर पदर. मी धावत जाऊन म्हटलं, यांना गोड काहीतरी पाहिजे, लगेच, तुमच्याकडे गूळ आहे का. तिने नाही म्हणून मान हलवली, जीपपाशी आली, यांच्याकडे पाहिलं आणि मग काचेपाशी ठेवलेल्या गाठोडीकडे बोट दाखवलं.

"त्यात काय हाय, बाई?"

"ती देवीची ओटी आहे," मी म्हटलं.

"खडीसाखर आसंल की त्यात."

महिनाभर ती साखर माझ्या नाकासमोर होती. मी सगळी गाडी धुंडाळली, पण तिच्याकडे माझा हात गेला नाही, कारण ती देवीची होती. ती खायची वस्तू आहे हे माझ्या मनालाच माहीत नव्हतं.

"द्या त्यांना," ती म्हणाली. "देवीला भूक न्हाई लागली. ह्यांना लागलीया."

मी गाठ सोडली. तिने दगडावर साखर ठेचली, मी बाटलीच्या झाकणात पाण्यात कालवून यांच्या ओठांना लावली. पुन्हा कालवली, पुन्हा लावली. हळूहळू यांनी स्वतःहून झाकण धरलं. मग उरलेले खडे चघळले, खारीक खाल्ली. रंग परत आला, तसं मला एकदम हुंदका फुटला. बाई तोवर शेळ्यांच्या मागे उतारावर निघाली होती. मी मागून हाक मारली. तिने वळून हात हलवला आणि गेली. दोघं तिथेच जेवलो आणि यांना नीट दिसू लागल्यावरच यांनी गाडी खाली घेतली. उतरताना वाडीत थांबून आम्ही चौकशी केली. हिरवं नेसणाऱ्या आणि शेळ्या राखणाऱ्या बाया तिथे घरोघर होत्या. ती कोण होती याचा मी तर्क करत नाही.

दुसऱ्या दिवशी मोहट्याला गेलो. बाहेरच्या दुकानापाशी हे म्हणाले, अगं नवीन ओटी घे, ही तर मी खाऊन संपवली. मी ऐकलं नाही. जे उरलं होतं तेच त्या खणात बांधून नेलं. यांना एकटं ठेवायचं धाडस होईना, म्हणून आतही माझ्या शेजारीच उभं केलं. देवीपुढे ती अर्धी ओटी ठेवताना महिनाभर विचारलेला प्रश्न मला आठवला आणि मी तो विचारला नाही. मी जे तिच्यासाठी म्हणून देशभर जपून नेलं, ते तिने माझ्याच हाताने यांना भरवलं. ती मला ओळखत नाही, असं आता कसं म्हणू?

पुजाऱ्यांनी प्रसाद दिला. मूठभर खडीसाखर, आणि ती माझ्या पसरलेल्या हातावर नाही, यांच्या. खरं सांगते, क्षणभर पुन्हा तीच कळ उठली. मग मला हसू आलं. मी ओंजळ वळवून यांच्यापुढे धरली.

"सगळीच घे ना," हे म्हणाले.

मी चिमूटभर घेतली, डोळ्यांना लावली आणि तोंडात टाकली. बाकीची कागदात बांधून यांच्या शर्टाच्या खिशात ठेवली. तो कागद अजून तिथेच असतो. शर्ट बदलला की मी आठवणीने नव्या खिशात घालते आणि मगच पूजेला बसते.