सीतादहीचा व्हिडिओ

बुलडाण्यातल्या माझ्या घरी, स्वयंपाकघरामागच्या कोनाड्यात, एक जुना संगणक दिवसरात्र चालू असतो. मी शिकवतो त्या कॉलेजने मोडीत काढलेला तो घेतला, त्यात दोन नव्या डिस्क बसवल्या आणि इन्व्हर्टरला जोडला. घरातले फोटो, मुलांची कागदपत्रं, आईच्या तपासण्यांचे रिपोर्ट, सगळं त्याच्यावर असतं. बायको म्हणते, हा पाहुणा चहा मागत नाही एवढंच बरं. कोणी विचारलं की मी सांगतो, हा माझा सर्व्हर. आपल्या वस्तू आपल्या घरी असाव्यात, दुसऱ्याच्या फुकटच्या गोदामात नाही, असं माझं साधं मत आहे. काकांच्या बाबतीत या मताचा कस लागला.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. वडील लवकर गेले. देऊळघाटच्या अलीकडे आमची शेती आहे. वडिलांच्या वाट्याची आणि स्वतःची, अशी दोन्ही रानं काकांनी ओढली, म्हणून मी खामगावला वसतिगृहात राहून शिकू शकलो. त्याचा उल्लेख त्यांनी कधी केला नाही. मी मात्र विसरू शकत नाही.

बीटी कापूस आला तेव्हा पहिली काही वर्षं लोक बोंडअळी विसरूनच गेले होते. मग गुलाबी अळी बीटीच्या बोंडातही शिरली. बोंड वरून हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत सरकी पोखरलेली असायची. त्या दिवसांत काकांनी व्हिडिओ करायला सुरुवात केली. ते झाडाजवळ उकिडवे बसत, नखाने बोंड फोडत आणि आतली अळी दाखवत. गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं फूल, ज्याला डोमकळी म्हणतात, ते कसं ओळखायचं आणि तोडून कसं नष्ट करायचं हे सांगत. फोन काकू धरायची आणि प्रश्नही तीच विचारायची. "हे फूल उमललं काऊन नाही?" काका समजावून सांगत. "मंग फवारा मारून काय फायदा, अळी तं आत बसली." काका म्हणत, तेच तं सांगून राह्यलो. काकू पडद्यावर कधीच दिसली नाही, फक्त ऐकू यायची. हे व्हिडिओ ते एका मोठ्या कंपनीच्या व्हिडिओ साइटवर, आपल्या खात्यावर टाकत, खाली आपला मोबाइल नंबर देत आणि फोनमध्ये जागा उरत नाही म्हणून मूळ व्हिडिओ पुसून टाकत. तिथे टाकलं म्हणजे कायमचं राहिलं, अशी त्यांची समजूत होती.

काकू गेली तेव्हा काकांनी फोन कपाटात ठेवला तो ठेवलाच. रिचार्ज न झाल्याने नंबर बंद पडला आणि कंपनीने तो दुसऱ्या कोणाला दिला. दोन हंगाम गेल्यावर काका एक दिवस माझ्याकडे आले आणि म्हणाले, तुझ्या त्या डब्यात काकूचे व्हिडिओ येतील का पाह्य.

लोकांना दिसत होते ते मी त्याच दिवशी उतरवून घेतले. काका मन लावून पाहत होते. सगळे संपल्यावर म्हणाले, "अन सीतादहीचा?"

आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी सीतादहीने होते. शेतात पाच खडे मांडून पूजा करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि तोच भात रानात शिंपडायचा. एका वर्षी त्या वेळी फोन काकांच्या हातात होता आणि काकू समोर. तो व्हिडिओ काकूने लोकांना दिसू दिला नव्हता, फक्त आपल्या दोघांना दिसेल असा ठेवला होता. चालतीबोलती काकू तेवढ्या एकाच ठिकाणी होती.

तो पाहायला खातं उघडणं भाग होतं. कपाटातला फोन आता चालूच होत नव्हता, पासवर्ड काकांना आठवत नव्हता आणि नवा करायचा तर ओटीपी जुन्या नंबरवर जाणार होता. मी त्या नंबरवर फोन लावला. एका बाईंनी उचलला. मी नम्रपणे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणालो, ताई, एक ओटीपी येईल, तेवढा सांगा.

"बँकवाले बी असंच गोड बोलतात," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर म्हणाल्या, माझ्या दिराला असंच लुटलं, आता पोलिसांत देईन. मला राग येईना. ओटीपी कोणाला सांगू नका, हे मीच वर्गात मुलांना शिकवतो.

काकांनी फोन माझ्या हातातून घेतला, गाव विचारलं आणि आम्ही येऊन भेटतो म्हणाले. पलीकडून गावाचं नाव आलं, बीबी. या खुशाल, घरी माणसं आहेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने निघालो. चिखलीला गाडी बदलली, मेहकरला बदलली आणि दुपारी बीबीला पोचलो. काकांनी सोबत तुरीच्या शेंगांची पिशवी घेतली होती. बाईंचं घर रस्त्यालगत होतं, ओसरीवर शिलाई मशीन. नवरा, सासू आणि शेजारचे दोघे आधीच येऊन बसलेले. काकांनी तोंड उघडलं, तशी त्या बाईंनी मशीन थांबवलं.

"तुमीच का ते बोंड फोडणारे?"

त्या नंबरवर त्यांना वर्षभर शेतकऱ्यांचे फोन येत होते. बोंडअळीवर काय मारू, म्हणून कोणीही, कधीही विचारायचं. शेवटी त्यांनी ते व्हिडिओ शोधून पाहिले आणि त्यात ऐकलेलंच लोकांना सांगू लागल्या. "आता मीच सांगते, पतंग धरायला कामगंध सापळे लावा, डोमकळ्या तोडा," त्या म्हणाल्या. नवरा हसून म्हणाला, आमच्याकडं एकरभर बी कापूस नाही, अन ही डॉक्टरीण झाली.

सासूबाई अजून साशंक होत्या. त्या सुनेला म्हणाल्या, चेहऱ्यावर जाऊ नको. बाई म्हणाल्या, "चोर शेंगा घेऊन एसटीनं येतो का, मामी?" तरी ओटीपी सांगण्याआधी त्यांनी आलेला मेसेज नवऱ्याकडून वाचून घेतला. मला ते आवडलं.

खातं उघडलं. सीतादहीचा व्हिडिओ होता. अर्ध्या पडद्यावर काकांचा अंगठा आला होता. उरलेल्या अर्ध्यात काकू पदर दातात धरून दहीभात शिंपडत होती. मग मागे वळून म्हणाली, "अवो, बोट काढा, मी दिसून राह्यली का?" काकांनी तो तिथेच, परक्या ओसरीवर, पुन्हा पुन्हा पाहिला. बाईंनी मशीन चालवलं नाही.

घरी आल्यावर सगळं सर्व्हरवर घेतलं आणि दोन्ही डिस्कवर आहे ना, ते तपासलं. मग मी उत्साहाने म्हणालो, काका, आता ते खातं बंद करून टाकू. ती कंपनी आपली नाही, उद्या कुलूप लावील, तेव्हा विचारायला माणूसही सापडायचा नाही.

काका म्हणाले, "सीतादहीचा तिकडून काढ. तो घरचा हाय. अळीचे राहू दे. तुझ्या डब्यात लोक कसे येतीन बे?"

माझ्या सर्व्हरचं दार घरच्यांपुरतं आहे. ते सगळ्यांसाठी उघडलं तरी जालन्याकडच्या शेतकऱ्याला माझा पत्ता कोण सांगणार? ती कंपनी मला आजही आवडत नाही. पण तिथे काकांचं बोलणं ज्या रानांपर्यंत पोचलं, तिथवर माझा कोनाडा पोचला नसता. आम्ही तसंच केलं. तो एक घरी ठेवला, बाकीचे तिकडे राहू दिले, आणि त्यांच्या खालचा जुना नंबर काढून काकांसाठी आता घेतलेला नवा टाकला.

टाकता टाकता एका शेतकऱ्याचा प्रश्न दिसला. भाऊ, फोन धरून विचारणारी बाई कोण? आमच्या मनातलंच विचारते. मी काकांना वाचून दाखवला.

"लिही, आमची मालकीण."

मी लिहिलं. थोड्याच वेळात खाली उत्तर आलं, वहिनींना नमस्कार सांगा.

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी उपरण्याने चष्मा पुसला, डोळ्यांवर लावला आणि ती ओळ स्वतः वाचली.

"लिही," ते म्हणाले, "सांगतो."